रिअ‍ॅलॉकनंतर प्रोग्राम कधी चालतो, कधी कोसळतो: दोष कुठे शोधावा

लक्षणे बहुतेक वेळा सारखीच असतात. सी भाषेतला एखादा प्रोग्राम फाइलमधून नोंदी वाचतो, त्या वाढत्या अ‍ॅरेत साठवतो आणि अ‍ॅरे भरला की रिअ‍ॅलॉक वापरून तो मोठा करतो. दहावीस नोंदींवर सगळे सुरळीत चालते. नोंदी काही हजारांच्या घरात गेल्या की मधूनच सेगमेंटेशन फॉल्ट (मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्याची त्रुटी) येतो, किंवा प्रोग्राम न कोसळता चुकीची उत्तरे देतो, किंवा ग्लिबसी (लिनक्सवर सहसा वापरली जाणारी सीची लायब्ररी) “रिअ‍ॅलॉक(): इनव्हॅलिड नेक्स्ट साइज” असा संदेश दाखवून त्याला तिथेच थांबवते. कारण शोधण्यासाठी मध्ये प्रिंटएफची एक ओळ घातली, तर दोष नाहीसा होतो किंवा भलत्याच ठिकाणी उमटतो. मग काही दिवस “आता चालतेय” म्हणून तो कोड तसाच पुढे जातो आणि मोठी फाइल आली की पुन्हा तेच घडते.

अशा तक्रारींत मूळ कारण बहुधा एकाच ठिकाणी सापडते. रिअ‍ॅलॉक यशस्वी झाले की जुना पत्ता त्या क्षणी मृत होतो, मग परत आलेला पत्ता अंकाने तोच असो वा नसो. मात्र तोपर्यंत त्या जुन्या पत्त्याच्या प्रती कोडमध्ये इतरत्र पोहोचलेल्या असतात आणि रिअ‍ॅलॉकला त्यांची काहीच कल्पना नसते. म्हणून तपास रिअ‍ॅलॉकच्या ओळीपासून सुरू न करता, तो पत्ता आणखी कुणाकुणाकडे आहे या प्रश्नापासून सुरू करावा असे माझे मत आहे.

लहान चाचणीत दोष का लपतो

हे समजल्याशिवाय पुढचा शोध आंधळेपणाने होतो, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. ६४-बिट लिनक्सवरील ग्लिबसी मागितलेल्या आकारात स्वतःच्या नोंदीसाठी ८ बाइट मिळवते आणि येणारी बेरीज १६ च्या पटीत वर नेते. त्यामुळे २० बाइट मागितले तरी प्रत्यक्षात २४ बाइट वापरण्याजोगे मिळतात आणि २५ मागितले तर ४० मिळतात. २० बाइटचा ब्लॉक २४ पर्यंत वाढवला तर काहीच हलत नाही, आणि २० बाइटच्या ब्लॉकमध्ये चुकून २२ वा बाइट लिहिला तरी लगेच कुठे बिघाड दिसत नाही.

दुसरे कारण हीपच्या, म्हणजे प्रोग्राम चालताना मागितलेली मेमरी जिथून दिली जाते त्या जागेच्या, रचनेत आहे. वाढणारा अ‍ॅरे हा हीपमधला शेवटचा ब्लॉक असेल, तर त्याच्यापुढची जागा मोकळीच असते आणि तो अनेक वेळा जागेवरच वाढू शकतो. चाचणीच्या छोट्या प्रोग्राममध्ये नेमकी हीच स्थिती असते. खऱ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक नोंदीचे नाव स्ट्रडुपने (स्ट्रिंगची प्रत नव्या ब्लॉकमध्ये करणारे फंक्शन) वेगळे साठवले जाते, त्यातला एखादा ब्लॉक अ‍ॅरेच्या लगेच पुढे जाऊन बसतो आणि पुढच्या वाढीच्या वेळी अ‍ॅरेला दुसरीकडे हलावेच लागते. प्रिंटएफ घातल्यावर वर्तन बदलण्याचे कारणही येथेच आहे: स्टँडर्ड आउटपुटचा पहिला वापर होताना ग्लिबसी त्याच्यासाठी मॅलॉकनेच बफर घेते, त्यामुळे हीपची मांडणी बदलते आणि अ‍ॅरे वेगळ्या वेळी हलू लागतो. फार मोठे ब्लॉक ग्लिबसी एममॅपने, म्हणजे थेट कर्नलकडून, वेगळे घेते (सुरुवातीची मर्यादा १२८ किबीबाइट असते आणि प्रोग्राम चालताना ती आपोआप बदलू शकते) आणि ते एमरीमॅपने वाढवते. तेथे मजकुराची प्रत करावी लागत नाही, पण पत्ता मात्र बदलू शकतो. म्हणजेच “माझ्या यंत्रावर पत्ता कधीच बदलला नाही” हे निरीक्षण खरे असू शकते, पण त्यावर कोड उभा करता येत नाही.

जुन्या पत्त्याच्या प्रती

सर्वांत सोपा प्रकार असा: विद्यार्थ्यांच्या नोंदी वाचताना सर्वाधिक गुण असलेल्या नोंदीचा पत्ता एका पॉइंटरमध्ये जपून ठेवलेला असतो, त्यानंतर अ‍ॅरे वाढतो आणि शेवटी त्या पॉइंटरमधून नाव छापले जाते. पॉइंटर जुन्या, मुक्त झालेल्या जागेकडे बोट दाखवत राहतो. यावर खात्रीचा उपाय म्हणजे पत्त्याऐवजी अनुक्रमांक जपणे. अ‍ॅरे कुठेही हलला तरी ४१ वी नोंद ही ४१ वीच राहते.

काही जण यावर एक तोडगा काढतात: रिअ‍ॅलॉक झाल्यावर नव्या आणि जुन्या पत्त्यांतला फरक काढायचा आणि जपलेल्या प्रत्येक पॉइंटरमध्ये तो मिळवायचा. हा तोडगा चुकीचा आहे, कारण मुक्त झालेल्या ब्लॉकचा पॉइंटर वापरून वजाबाकी करणेच सी भाषेच्या मानकानुसार वैध नाही. इतकेच काय, “पत्ता बदलला आहे का” हे पाहण्यासाठी जुन्या पॉइंटरची नव्याशी तुलना करणेही वैध नाही. दोन्ही अंक सारखे निघाले तरी हे दोन पॉइंटर एकाच वस्तूकडे निर्देश करत नाहीत असे गृहीत धरण्याची मुभा कंपायलरला आहे, आणि त्या गृहीतकावर ऑप्टिमायझेशन केलेला कोड एका पॉइंटरमधून लिहिलेली किंमत दुसऱ्यातून वाचताना जुनीच दाखवू शकतो. अंतर काढायचेच असेल तर रिअ‍ॅलॉकच्या आधी, जुना ब्लॉक जिवंत असताना, त्याच्या सुरुवातीपासूनचे काढून ठेवावे. जीसीसी या कंपायलरच्या १२ व्या आवृत्तीपासून मुक्त झालेल्या पॉइंटरच्या वापराबद्दल इशारा देणारा पर्याय उपलब्ध आहे. तो चालू ठेवावा, पण एकाच फंक्शनच्या पलीकडे पसरलेल्या प्रती त्यालाही सहसा दिसत नाहीत.

याहून अवघड प्रकार असा आहे, ज्यात प्रत कोणी जाणूनबुजून ठेवलेली नसते. समजा, अ‍ॅरेच्या शेवटी घटक जोडणारे “जोडा” नावाचे फंक्शन आहे आणि ते नव्या घटकाचा पत्ता घेते. कोणीतरी अ‍ॅरेतलाच पहिला घटक पुन्हा शेवटी जोडण्यासाठी त्याचा पत्ता या फंक्शनला देतो. अ‍ॅरे भरलेला असेल तर फंक्शन आधी रिअ‍ॅलॉक करते आणि नंतर दिलेल्या पत्त्यावरून घटकाची प्रत करते, परंतु तो पत्ता आता मुक्त झालेल्या जागेचा असतो. वाचताना ही ओळ पूर्ण निर्दोष वाटते. यावर उपाय म्हणजे घटकाची प्रत रिअ‍ॅलॉकच्या आधीच स्थानिक व्हेरिएबलमध्ये करून घेणे, किंवा घटक पत्त्याने न स्वीकारता किमतीने स्वीकारणे.

तिसरा प्रकार मूल्यमापनाच्या क्रमाचा आहे आणि माझ्या मते तो सर्वांत फसवा आहे. डाव्या बाजूला अ‍ॅरेतला घटक, उजव्या बाजूला एक फंक्शन, आणि ते फंक्शन आतमध्ये तोच अ‍ॅरे वाढवते, अशी ओळ डोळ्यांसमोर आणा: “यादी->नोंदी[क] = नवीन_क्रमांक(यादी)”. डाव्या बाजूचा पत्ता आधी काढायचा की उजवीकडचे फंक्शन आधी चालवायचे, हे सी भाषेने ठरवून दिलेले नाही. कंपायलरने नोंदींचा जुना पत्ता आधी वाचला आणि मग फंक्शन चालवले, तर उत्तर मुक्त झालेल्या जागेत लिहिले जाते. तोच कोड ऑप्टिमायझेशनचा स्तर बदलल्यावर नीट चालतो, त्यामुळे दोष कंपायलरच्या माथी मारला जातो. फंक्शनचे उत्तर आधी वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घ्यावे आणि पुढच्या ओळीत ते अ‍ॅरेत ठेवावे.

ज्या नोंदींमध्ये एकमेकींचे पत्ते असतात, म्हणजे ट्री किंवा लिंक्ड लिस्टचे नोड एका वाढत्या अ‍ॅरेत ठेवलेले असतात, तेथे रिअ‍ॅलॉक केवळ बाइटची प्रत करते. आत लिहिलेले पत्ते जसेच्या तसे, म्हणजे जुन्या ब्लॉककडे निर्देश करणारे राहतात. अशा रचनेत “पुढचा” या सदस्यात पॉइंटर न ठेवता अनुक्रमांकच ठेवावा.

नवशिक्यांकडून वारंवार होणारी एक चूकही याच कुळातली आहे. फंक्शनला पॉइंटर दिला, फंक्शनने आत रिअ‍ॅलॉक करून तो बदलला, पण बदलली ती फंक्शनची स्वतःची प्रत. बोलावणाऱ्याकडे जुनाच पत्ता उरला. पॉइंटरचा पत्ता द्यावा, नवा पॉइंटर परत करावा, किंवा पत्ता, लांबी आणि क्षमता एकत्र ठेवणारे स्ट्रक्चर करून त्याचा पत्ता द्यावा. तिसरा मार्ग मी नेहमी सुचवतो, कारण त्यात त्या तीन गोष्टी एकमेकींपासून तुटत नाहीत.

नल परत आला तर

“पी = रिअ‍ॅलॉक(पी, एन)” ही ओळ अनेक वह्यांत आणि उदाहरणांत दिसते. जागा मिळाली नाही तर रिअ‍ॅलॉक नल (कुठेच निर्देश न करणारा पॉइंटर) परत करते आणि जुना ब्लॉक, त्यातल्या मजकुरासह, अबाधित ठेवते. परंतु या ओळीत पी वर नल लिहिला जातो, म्हणून शाबूत असलेल्या त्या ब्लॉकपर्यंत पोहोचण्याचा मार्गच उरत नाही. तो मुक्तही करता येत नाही आणि त्यातली माहिती वाचवताही येत नाही. उत्तर तात्पुरत्या पॉइंटरमध्ये घ्यावे, ते नल आहे का ते पाहावे आणि त्यानंतरच मूळ पॉइंटर बदलावा. फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीमध्ये रिअ‍ॅलॉकएफ नावाचे फंक्शन आहे, जे अपयश आल्यास जुना ब्लॉकही मुक्त करते. माहिती वाचवायची नसेल तेव्हा ते सोयीचे आहे, पण ते सगळीकडे मिळत नाही.

ही दुरुस्ती केल्यावरही एक फट राहून जाते. क्षमतेचा आकडा रिअ‍ॅलॉकच्या आधीच वाढवलेला असतो, मग रिअ‍ॅलॉक अपयशी ठरते, फंक्शन त्रुटी परत करते, आणि स्ट्रक्चरमध्ये जुना ब्लॉक व नवी, मोठी क्षमता अशी विसंगत जोडी उरते. बोलावणाऱ्याने त्रुटी सांभाळून पुढे काम चालू ठेवले, तर पुढचे लिखाण ब्लॉकच्या बाहेर जाते. पत्ता आणि क्षमता दोन्ही एकत्र, आणि यश मिळाल्यानंतरच बदलावीत. आकार कमी करतानाही हीच काळजी घ्यावी: लहान केलेला ब्लॉक जागेवरच राहील किंवा ते रिअ‍ॅलॉक कधीच अपयशी ठरणार नाही, असे कोणतेही वचन मानकाने दिलेले नाही.

लिनक्सवर याची दुसरी बाजूही आहे. तेथील नेहमीच्या मांडणीत कर्नल प्रत्यक्ष मेमरीपेक्षा जास्त जागा देऊ करतो, त्यामुळे रिअ‍ॅलॉक यशस्वी होते आणि मेमरीची पाने प्रत्यक्ष लिहायला घेतल्यावर मेमरी संपून प्रक्रिया मारली जाऊ शकते. म्हणून प्रोग्राम संदेशाविना नाहीसा झाला, तर कर्नलच्या नोंदी पाहाव्यात. नल तपासण्याची गरज त्यामुळे कमी होत नाही, कारण अवाजवी आकार, मर्यादा घातलेली प्रक्रिया किंवा ३२-बिट पत्त्यांची जागा यांत नल खरोखर येतो.

शून्य आकार

अ‍ॅरेतला शेवटचा घटक काढला, लांबी शून्य झाली आणि कोडने रिअ‍ॅलॉकला शून्य आकार दिला, तर काय होते? १९८९ च्या मानकाप्रमाणे ब्लॉक मुक्त होत असे. सी९९ मध्ये ते वाक्य राहिले नाही आणि निर्णय अंमलबजावणीवर गेला, पुढे सी१७ मध्ये हा वापर कालबाह्य ठरवला गेला, आणि सी२३ मध्ये तो सरळ अनिर्धारित वर्तनात मोडतो. प्रत्यक्षात ग्लिबसी आणि मायक्रोसॉफ्टची लायब्ररी ब्लॉक मुक्त करून नल परत करतात, तर मसल (लिनक्ससाठीची सीची दुसरी लायब्ररी) आणि ओपनबीएसडी नल नसलेला, पुढे फ्रीला देण्याजोगा पॉइंटर परत करतात.

येथे नल तपासण्याची चांगली सवयच घात करते. ग्लिबसीवर शून्य आकारानंतर नल येतो, काळजीपूर्वक लिहिलेला कोड त्याला अपयश समजतो, जुना ब्लॉक अजून शाबूत आहे असे मानून तो मुक्त करतो, आणि तोच ब्लॉक दुसऱ्यांदा मुक्त होतो. “फ्री(): डबल फ्री डिटेक्टेड” असा संदेश यादी रिकामी होतानाच येत असेल, तर आधी हेच पाहावे. आकार शून्य असेल तर स्वतः फ्री करावे आणि पॉइंटर नल करावा, किंवा किमान एका घटकाची जागा ठेवावी. रिअ‍ॅलॉकपर्यंत शून्य पोहोचूच देऊ नये. याउलट, पहिला पॉइंटर नल असणे मात्र पूर्ण वैध आहे. तेव्हा रिअ‍ॅलॉक मॅलॉकसारखेच वागते, त्यामुळे रिकाम्या यादीसाठी वेगळी शाखा लिहावी लागत नाही.

गुणाकारातली चूक

“इनव्हॅलिड नेक्स्ट साइज” हा संदेश ज्या ओळीवर येतो, त्या ओळीत दोष सहसा नसतो. आधी कधीतरी ब्लॉकच्या शेवटापलीकडे लिहिले गेले, शेजारच्या ब्लॉकची नोंद बिघडली आणि रिअ‍ॅलॉकने ती तपासल्यावर बिघाड उघड झाला, असा त्याचा अर्थ आहे. सर्वांत सामान्य कारण म्हणजे रिअ‍ॅलॉकला बाइटऐवजी घटकांची संख्या देणे. १०० पूर्णांकांसाठी १०० दिले, तर ४ बाइटच्या पूर्णांकांपैकी २५ च मावतात. स्ट्रिंगच्या शेवटच्या शून्य बाइटसाठी एक जास्त न घेणे, आणि घटकाऐवजी पॉइंटरचा साइझऑफ घेणे, ही त्याची भावंडे आहेत.

दुसरा धोका गुणाकार मावण्याचा आहे. आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या टर्बो सीमध्ये आकाराचा प्रकार १६-बिट होता. तेथे ४० बाइटच्या १,६३९ नोंदींसाठी ६५,५६० बाइट लागतात, पण ६५,५३५ च्या पुढे मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होत असल्याने प्रत्यक्षात २४ बाइटच मागितले जातात, आणि ते मिळतातही. ३२-बिट यंत्रणेवर हेच १६ बाइटच्या २६,८४,३५,४५७ घटकांसाठी घडते: मागणी १६ बाइटवर येते. ६४-बिट यंत्रावर साइझ_टी (आकारासाठीचा प्रकार) मोठा असला तरी क्षमता साध्या इंटमध्ये ठेवलेली असेल, तर १,०७,३७,४१,८२४ ची दुप्पट इंटमध्ये मावत नाही. मागणी अशी लहान झाली की रिअ‍ॅलॉक नल देत नाही, आनंदाने छोटा ब्लॉक देते, म्हणून ही चूक सुरक्षेच्या दृष्टीने फार गंभीर आहे. गुणाकाराच्या आधी घटकसंख्या साइझ_मॅक्स (साइझ_टीची कमाल किंमत) भागिले घटकाचा आकार यापेक्षा मोठी नाही ना, हे पाहावे. हीच तपासणी करणारे रिअ‍ॅलॉकअ‍ॅरे हे फंक्शन ओपनबीएसडी ५.६ मध्ये आले, ग्लिबसीत २.२६ पासून आहे आणि २०२४ च्या पॉझिक्स या युनिक्स-मानकामध्येही समाविष्ट झाले आहे. सी२३ मध्ये तपासून गुणाकार करणारे सीकेडी_मल हे साधनही आहे.

वाढलेल्या भागाविषयी एक गोष्ट नेहमी निसटते. मूळ ब्लॉक कॅलॉकने (शून्य भरलेला ब्लॉक देणारे फंक्शन) घेतलेला असला, तरी रिअ‍ॅलॉकने मिळालेला नवा भाग शून्य केलेला नसतो. पॉइंटरच्या अ‍ॅरेत “न भरलेली जागा म्हणजे नल” असा संकेत असेल, तर शेवटी सगळे मुक्त करताना कचरा पत्ते फ्रीकडे जातात. जुन्या क्षमतेपासून नव्या क्षमतेपर्यंतचा भाग स्वतः भरून घ्यावा. तसेच अलाइन्ड_अ‍ॅलॉकने घेतलेला ब्लॉक रिअ‍ॅलॉकमधून गेल्यावर मागितलेले संरेखन (पत्ता ठरावीक संख्येच्या पटीत असणे) टिकण्याची हमी नसते, आणि पासवर्ड किंवा किल्ली असलेला ब्लॉक हलला की तिची जुनी प्रत मुक्त मेमरीत पडून राहते. अशा माहितीसाठी नवा ब्लॉक घ्यावा, प्रत करावी, जुना पुसावा आणि मगच मुक्त करावा. पुसण्यासाठी साधे मेमसेट वापरू नये, कारण लगेच मुक्त होणाऱ्या जागेवरचे ते लिखाण निरुपयोगी समजून कंपायलर काढून टाकू शकतो. सी२३ मध्ये त्यासाठी मेमसेट_एक्स्प्लिसिट दिलेले आहे.

वाढ एकाच ठिकाणी

वरील सर्व अटी प्रत्येक ठिकाणी आठवून लिहिणे कोणालाही जमत नाही, म्हणून संपूर्ण प्रोग्राममध्ये रिअ‍ॅलॉकचे नाव एकाच फंक्शनमध्ये यावे असा माझा आग्रह आहे. त्या फंक्शनने स्ट्रक्चरचा पत्ता आणि हवी असलेली घटकसंख्या घ्यावी. आहे ती क्षमता पुरेशी असेल तर लगेच परत फिरावे. अन्यथा नवी क्षमता जुन्याच्या दीडपट किंवा दुप्पट धरावी, ती मागणीपेक्षा कमी पडत असेल तर मागणीइतकी करावी, गुणाकार मावतो का ते पाहावे, उत्तर तात्पुरत्या पॉइंटरमध्ये घ्यावे आणि यश आल्यावरच पत्ता व क्षमता बदलावी. अपयशात स्ट्रक्चर अक्षरशः जसे होते तसेच राहिले पाहिजे. क्षमता एकेकाने वाढवू नये: प्रत्येक वाढीला ब्लॉक हलला, तर १ लाख घटकांसाठी सुमारे ५०० कोटी घटकांच्या प्रती होतात, तर एकापासून दुप्पट करत गेल्यास त्या १,३१,०७१ इतक्याच होतात.

दोष पकडण्यासाठी

मृत पत्त्यांचे दोष उघडे पाडण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे प्रत्येक रिअ‍ॅलॉकला ब्लॉक हलवायलाच लावणे. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी कंपायलरची सोय) चालू करून प्रोग्राम बांधला की नेमके हेच होते: तो प्रत्येक वेळी नवा ब्लॉक घेतो, प्रत करतो आणि जुना काही काळ वेगळा अडवून ठेवतो, त्यामुळे जुन्या पत्त्याचा पहिलाच वापर ओळ क्रमांकासह सापडतो आणि दहा नोंदींची चाचणीही पुरते. पुन्हा बांधणी करणे शक्य नसेल तर व्हॅलग्राइंड हे मेमरी तपासणारे साधन वापरावे. त्याच्या अहवालात “इनव्हॅलिड रीड” च्या खाली तो ब्लॉक कोणत्या रिअ‍ॅलॉकमध्ये मुक्त झाला तेही लिहिलेले असते, आणि बहुतेक वेळा त्या दोन ओळी शेजारी ठेवल्या की दोष समजतो.

नल येण्याची शाखा मात्र अशा चाचण्यांत चालतच नाही. तिच्यासाठी वाढीच्या त्या एकाच फंक्शनमध्ये एक गणक ठेवावा आणि ठरावीक क्रमांकाच्या मागणीला मुद्दाम नल द्यावा. पहिल्या मागणीपासून सुरुवात करून एकेक पुढे सरकत गेले की प्रत्येक अपयशाची वाट एकदा तरी चालून होते. शेलमधील यूलिमिटने आभासी मेमरीवर मर्यादा घालूनही नल आणता येतो, पण ती चाचणी सॅनिटायझरशिवाय बांधलेल्या प्रोग्रामवर करावी, कारण ६४-बिट यंत्रावर सॅनिटायझर स्वतःच्या नोंदींसाठी पत्त्यांची प्रचंड जागा आधीच राखून ठेवतो आणि अशा मर्यादेखाली प्रोग्राम सुरूच होत नाही.